कॉलमच्या अलीकडे आणि पलीकडे
(प्रस्तावना)

नवे एचपीएलसी यंत्र प्रयोगशाळेत येते त्या दिवशी वातावरण सणाचे असते. खोकी उघडली जातात, कंपनीचा इंजिनिअर बसून इन्स्टॉलेशन पुरे करतो, यंत्राला हळदकुंकू लागते, पेढे वाटले जातात. मग जुन्या यंत्रावर वर्षानुवर्षे चाललेली पद्धत नव्या यंत्रावर लावली जाते. सोबत मुद्दाम मागवलेला, बारीक कणांचा, चांगलाच महाग कॉलम असतो. पहिला क्रोमॅटोग्राम पडद्यावर उमटतो आणि सगळे गप्प होतात. पीक रुंद आहे, शेजारच्या पीकला चिकटलेले आहे, जुन्या यंत्रावर दिसे त्यापेक्षा वाईट आहे. फोनाफोनी सुरू होते. कॉलमवाला यंत्राकडे बोट दाखवतो, यंत्रवाला कॉलमकडे. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात, कारण दोष बहुतेकदा दोघांच्या मधल्या वीतभर नळीत असतो.

प्रस्तुत पुस्तक द्रव क्रोमॅटोग्राफीच्या नव्या साधनसामग्रीविषयी आहे, आणि त्या वीतभर नळीला त्यात यंत्राइतकीच जागा दिलेली आहे. ही मांडणी मला मनापासून पटते. आपल्याकडे यंत्राच्या खरेदीवर सहा-सहा महिने खल होतो. नळ्या, फेरूल, वायल, सेप्टा, फिल्टर हे मात्र स्टोअरमधून 'जे असेल ते' म्हणून उचलले जाते. पूर्वी ते खपून जाई. आता का खपत नाही, हे समजायला थोडा हिशोब करावा लागेल.

२५० मि.मी. लांब, ४.६ मि.मी. आतल्या व्यासाचा, ५ मायक्रॉन कणांचा कॉलम आपल्या ओळखीचा. त्यातून मध्यम वेळेला बाहेर पडणारे पीक ढोबळमानाने २०० मायक्रोलिटर द्रवात पसरलेले असते. इंजेक्टर ते कॉलम ही नळी निळ्या रंगाची, म्हणजे पाव मिलिमीटर आतल्या व्यासाची असेल तर तिच्या दर सेंटिमीटरात अर्धा मायक्रोलिटर द्रव मावतो; ३० सें.मी. नळीत १५ मायक्रोलिटर. दोनशेंपुढे पंधरा म्हणजे किरकोळ. आता ५० मि.मी. लांब, २.१ मि.मी. व्यासाचा, १.७ मायक्रॉन कणांचा कॉलम घ्या. त्यातून येणारे तसेच पीक तेरा-पंधरा मायक्रोलिटरांत मावते. म्हणजे नळीच पीकएवढी झाली. नळीच्या मधला द्रव पुढे धावतो, भिंतीलगतचा मागे रेंगाळतो, आणि कॉलमने कष्टाने आवळून आणलेले पीक नळी सैल सोडून देते. हे पसरणे सांख्यिकीतल्या व्हेरियन्सच्या मापाने मोजले, तर ते आतल्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. निळी नळी काढून तिच्या निम्म्या व्यासाची लाल नळी बसवली की तेवढ्याच लांबीत ते सोळाव्या हिश्श्यावर येते. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि यंत्राच्या किमतीपुढे खर्च नगण्य.

नळीचे टोकही तितकेच महत्त्वाचे. स्टीलच्या नळीवर फेरूल एकदा आवळला की तो तिथेच कायमचा बसतो. नळी फेरूलच्या पुढे किती निघाली हे त्या एका कॉलमच्या तोंडाच्या खोलीप्रमाणे ठरलेले असते. दुसऱ्या कंपनीचा कॉलम लावला आणि त्याचे तोंड किंचित खोल असले, तर नळी तळाला टेकत नाही. डोळ्यांना न दिसणारी एक पोकळी तयार होते, तीत नमुना घोळतो आणि पीकला शेपूट फुटते. तोंड उथळ असेल तर फेरूल नीट बसतच नाही आणि गळती लागते. कॉलम खराब निघाला म्हणून परत पाठवला जातो आणि त्याच नळीवर नवा लावला जातो. स्प्रिंग असलेल्या, हाताने आवळायच्या आणि नळीला स्वतःहून तळापर्यंत दाबून धरणाऱ्या नव्या फिटिंग आता मिळतात. त्या महाग वाटतात, पण परत पाठवलेल्या एका चांगल्या कॉलमच्या किमतीत त्यांचा अख्खा संच येतो.

कॉलम इतका नाजूक का होत गेला, याची हकिकत या पुस्तकात सविस्तर आहे. मी फक्त तिचा धागा हातात देतो. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ साली वॉर्सात आपली पद्धत पहिल्यांदा मांडली आणि १९०६ च्या शोधनिबंधांत तिला नाव दिले. काचेची नळी, तीत ठासलेली खडूची भुकटी, वरून ओतलेला पानांचा अर्क आणि खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण, एवढ्यावर हरितद्रव्याचे हिरवे-पिवळे पट्टे वेगळे झाले. पुढे इंग्लंडमध्ये लीड्सच्या लोकर-संशोधन संस्थेत आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी १९४१ साली विभाजन-क्रोमॅटोग्राफी मांडली. १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना त्यासाठी मिळाले. त्याच निबंधात त्यांनी सांगून ठेवले होते की अतिशय बारीक कण आणि दोन टोकांमध्ये मोठा दाब असेल तर उत्तम विलगीकरण साधेल. सिद्धान्त हातात होता. तेवढा दाब देणारा पंप, तो सोसणारी नळी आणि तितके एकसारखे कण मात्र नव्हते. येल विद्यापीठात चाबा होर्व्हाट यांनी १९६० च्या दशकात दाबाखाली चालणारी द्रव क्रोमॅटोग्राफी उभी केली, ड्यूपाँमध्ये जॅक कर्कलंड यांनी त्यासाठी नियंत्रित आकाराचे कण घडवले, आणि २००४ साली १.७ मायक्रॉन कणांचा कॉलम व १५,००० पीएसआय दाबाचा पंप एकत्र जुळवलेले यंत्र वॉटर्स कंपनीने बाजारात आणले. या सगळ्या प्रवासात कॉलम एक पाऊल पुढे गेला की बाकीच्या यंत्राला त्याच्यामागे धावावे लागले. आजही तेच चालू आहे.

कणांचा आकार कमी केला की कार्यक्षमता त्याच प्रमाणात वाढते, पण दाब वर्गाच्या प्रमाणात चढतो. ५ मायक्रॉनवरून १.७ वर आलो की तेवढ्याच लांबीच्या कॉलमला, तेवढ्याच वेगाला, साडेआठ पटींहून अधिक दाब लागतो. ४०० बारचे जुने यंत्र तिथे हात टेकते. म्हणून सगळ्यांनी जुनी यंत्रे मोडीत काढून हजार बारची घ्यावीत का? माझे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. २००६ च्या सुमारास कर्कलंड यांनीच उतारवयात एक वेगळा कण आणला. व्यास २.७ मायक्रॉन, आत १.७ मायक्रॉनचा भरीव गाभा आणि त्याभोवती अर्ध्या मायक्रॉनचे सच्छिद्र कवच. रेणूला कणाच्या पोटात खोल शिरता येत नाही, तो लवकर बाहेर येतो, आणि पीक जवळजवळ दोन मायक्रॉनखालच्या कॉलमसारखे अरुंद मिळते. दाब मात्र १.७ मायक्रॉनच्या कॉलमच्या निम्म्याहून कमी. आपल्या मध्यम प्रयोगशाळांसाठी, तालुक्याच्या गावातल्या फार्मसी कॉलेजसाठी, गेल्या वीस वर्षांतली सर्वांत उपयोगाची वस्तू कोणती असे कुणी विचारले तर मी या गाभा-कवच कणाचे नाव घेईन. जुने, नीट निगा राखलेले यंत्र, योग्य नळ्या आणि असा कॉलम एवढ्यावर पंचवीस मिनिटांची रन आठ-दहा मिनिटांवर येऊ शकते.

ग्रेडियंट पद्धतीत आणखी एक गोष्ट आड येते. दोन द्रव जिथे मिसळतात तिथपासून कॉलमच्या तोंडापर्यंतच्या जागेला ड्वेल व्हॉल्यूम म्हणतात. जुन्या चार-बाटल्यांच्या पंपात ते सहज एक मिलिलिटर असते. मिनिटाला १ मि.लि. प्रवाहाला ग्रेडियंट एक मिनिट उशिरा पोचतो. कुणाच्या लक्षातही येत नाही. बारीक कॉलमसाठी प्रवाह ०.२ मि.लि. केला की तोच उशीर पाच मिनिटांचा होतो, आणि पाच मिनिटांची रन संपत आली तरी कॉलमला ग्रेडियंट भेटलेलाच नसतो. संशोधन विभागातून क्यूसीमध्ये पद्धत आली की 'आमच्याकडे चालते, तुमच्याकडे का नाही' ही वादावादी होते, तिच्यातला मोठा भाग या एका आकड्यापाशी येऊन थांबतो. प्रत्येक यंत्राचा ड्वेल व्हॉल्यूम मोजून त्याच्या दारावर चिकटवून ठेवावा, अशी या पुस्तकात सूचना आहे. ती सर्वांनी अमलात आणावी. मोजायला कॉलमऐवजी एक साधी जोडनळी आणि थोडे ॲसिटोन घातलेले पाणी पुरते.

बारीक कॉलमचा दुसरा फायदा सॉल्व्हंटचा. ४.६ ऐवजी २.१ मि.मी. व्यास घेतला की तोच वेग राखायला प्रवाह जवळपास पाचपट कमी लागतो. मिनिटाला १ मि.लि. दराने चोवीस तास चाललेले यंत्र १.४४ लिटर मोबाइल फेज पिते, ०.२ च्या दराने तीनशे मि.लि.सुद्धा नाही. २००८-०९ मध्ये ॲसिटोनायट्राइलचा जगभर तुटवडा पडला तेव्हा याची किंमत सर्वांना कळली. ॲसिटोनायट्राइल मुख्यतः ॲक्रिलोनायट्राइल तयार करताना जोडीने निघते. मंदीमुळे मोटारी आणि ॲक्रिलिक धाग्यांची मागणी घटली, ऑलिंपिकसाठी चीनमधले कारखाने बंद ठेवले गेले, टेक्सासमधल्या उत्पादनाला आइक चक्रीवादळाने तडाखा दिला, आणि औषधांच्या प्रयोगशाळांत बाटल्या मोजून वापरण्याची वेळ आली. मेथॅनॉलवर पद्धती बसवण्याचे आणि व्यास कमी करण्याचे बरेच काम त्या वर्षात झाले. ते काम पुढे अर्धवट सुटले, याची मला हळहळ वाटते. वापरलेल्या सॉल्व्हंटची विल्हेवाट लावण्याचा खर्च धरला तर आजही हिशोब तोच येतो.

आता स्टोअरमधल्या किरकोळ वाटणाऱ्या वस्तू. सिरिंज फिल्टर ०.४५ मायक्रॉनचा की ०.२ चा, एवढेच बघून घेतला जातो. दोन मायक्रॉनखालच्या कॉलमला ०.२ चाच लागतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण पडदा कशाचा आहे हेही बघावे लागते. नायलॉन काही औषधे आणि वनस्पतींतली पॉलिफिनॉल धरून ठेवते. पहिले दोन-तीन मि.लि. टाकून द्यायचे आणि मगच वायल भरायची, ही शिस्त त्यासाठीच आहे. शंका असेल तर तोच नमुना फिल्टरऐवजी सेंट्रिफ्यूज करून लावावा. दोन आकडे शेजारी ठेवले की खरे काय ते कळते. वायलचेही तसेच. आम्लारिधर्मी औषध अगदी कमी प्रमाणात असेल तर ते काचेच्या भिंतीला चिकटते आणि दर तासाला आकडा खाली येतो. तिथे पॉलिप्रॉपिलीनची वायल घ्यावी. सेप्टातून सुई पुन्हा पुन्हा गेली की सिलिकॉनचे कण आत पडतात आणि ब्लँकमध्ये अनोळखी पीक दिसू लागते. माणसे त्या पीकचा शोध पाण्यात, बफरमध्ये, कॉलममध्ये घेत बसतात.

पाण्याबद्दल लेखकाने एक पूर्ण प्रकरण दिले आहे, आणि ते वाचकाने प्रथम वाचले तरी चालेल. १८.२ मेगओहम-सेंटिमीटर हा आकडा मीटरवर दिसला म्हणजे पाणी शुद्ध, असे समजले जाते. तो आकडा फक्त क्षारांबद्दल सांगतो. सेंद्रिय द्रव्ये विजेला विरोध करत नाहीत आणि मदतही करत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी टीओसीचे माप वेगळे बघावे लागते. ग्रेडियंटच्या सुरुवातीला कॉलमवरून पाणीच जास्त जाते. त्यातली सेंद्रिय घाण कॉलमच्या तोंडाशी साठते आणि ॲसिटोनायट्राइल वाढले की एकगठ्ठा सुटून भूत-पीक होऊन येते. ही घाण वाटेतच पकडणारे छोटे ट्रॅप कॉलम आता विकत मिळतात. ते कामाचे आहेत. पण ते लावून मूळ कारणाकडे पाठ फिरवली जाऊ नये. पाण्याचे काडतूस कधी बदलले आणि बाटली कधी धुतली, हे आधी विचारावे.

पंपाचे आरोग्य दोन चिमुकल्या गोळ्यांवर असते. चेक व्हॉल्व्हमध्ये नीलमण्याच्या बैठकीवर माणकाची गोळी असते. ती वर उठली की द्रव जातो, बसली की थांबतो. निव्वळ ॲसिटोनायट्राइल सतत चालवले की तिच्यावर चिकट थर बसतो, गोळी अडकते, दाब वर-खाली होऊ लागतो आणि रिटेन्शन टाइम हलतो. फॉस्फेट बफर रात्रभर यंत्रात तसाच राहिला तर सकाळी त्याचे स्फटिक पिस्टनच्या सीलला करवतीसारखे कापतात. आधी पाणी जास्त असलेल्या मिश्रणाने धुवावे, मग सेंद्रिय सॉल्व्हंट न्यावा. बफरवर थेट ॲसिटोनायट्राइल सोडले तर क्षार तिथल्या तिथे साका धरतात. हे सारे अनुभवी माणसाला ठाऊक असते. रात्रपाळीला एकट्या असलेल्या नव्या मुलीला ते कुणी सांगितलेले नसते. पुस्तकाचा हा भाग तिच्यासाठी आहे.

धातूच्या पृष्ठभागाचा प्रश्न मात्र अनुभवी माणसांनाही नवा आहे. इतकी वर्षे स्टीलची नळी आणि स्टीलचा कॉलम म्हणजे निर्धोक असे आपण धरून चाललो. फॉस्फेटचा गट असलेले रेणू स्टीलच्या पृष्ठभागावरच्या लोहाला चिकटतात, पीक लांबते, कमी मात्रेत तर पीक गायबच होते. नवीन कॉलमवर पहिली काही इंजेक्शने वाया घालवून मग खरी सीक्वेन्स लावायची जुनी युक्ती म्हणजे हे चिकटण्याचे कोपरे भरून टाकणेच होते. न्यूक्लिइक आम्लांवर आधारलेली औषधे आणि लसी आल्या तशी ही युक्ती अपुरी पडू लागली. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला २०२२ साली आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. म्हणजे हा प्रश्न आपल्या दारात आलेला आहे. आतून निष्क्रिय थर दिलेले कॉलम आणि पूर्ण जैव-निष्क्रिय वाट असलेली यंत्रे यासाठी आली. ज्या प्रयोगशाळेत पॅरासिटामॉल आणि मेटफॉर्मिनच होते तिने त्यांच्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. ज्या प्रयोगशाळेत न्यूक्लिओटाइड किंवा फॉस्फेट असलेले मेटाबोलाइट आहेत, तिने मात्र पंपाआधी याचाच विचार करावा.

योग्य कॉलम हाताशी असण्यावर किती काही अवलंबून असते, हे महाराष्ट्राच्या द्राक्ष बागायतदाराला वेगळे सांगायला नको. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि माल अडकला. बागायतदार हे द्रव्य लिहोसिन म्हणून ओळखतात. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला ते फवारले जाई. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. हा रेणू कायम धनभारित आणि पाण्यात अतिशय विरघळणारा. नेहमीच्या सी-१८ कॉलमवर तो थांबतच नाही. इंजेक्शनबरोबर वाहून जातो आणि इतर घाणीत मिसळून दिसेनासा होतो. शेकडो कीटकनाशके एका झटक्यात मोजणाऱ्या यंत्रालाही अशा रेणूसाठी वेगळी वाट करून द्यावी लागते. १९९० साली अँड्र्यू अल्पर्ट यांनी नाव दिलेल्या हिलिक पद्धतीचे कॉलम अशा पाणीप्रिय रेणूंना धरून ठेवतात, आणि पुढे टँडम मास स्पेक्ट्रोमीटर त्यांना ओळखतो. नाशिक-सांगलीच्या बागेतला प्रश्न शेवटी कॉलमच्या आतल्या पृष्ठभागावर येऊन ठेपला होता.

औषधांच्या बाबतीत हातपाय बांधलेले असतात असे पूर्वी म्हटले जाई, कारण फार्माकोपियात लिहिलेला कॉलम बदलायची सोय नव्हती. आता तीही अडचण सैल झाली आहे. अमेरिकन फार्माकोपियाचे ६२१ क्रमांकाचे सुसंवादित प्रकरण १ डिसेंबर २०२२ पासून लागू झाले. कॉलमची लांबी भागिले कणांचा व्यास हे गुणोत्तर उणे २५ ते अधिक ५० टक्क्यांच्या आत राहिले, तर लांबी आणि कण दोन्ही बदलता येतात. ग्रेडियंट पद्धतीतही अटी पाळून फेरबदल करता येतो. वाळूज, तारापूर किंवा गोव्यातल्या वेर्णा इथल्या क्यूसी विभागांनी या मुभेचा अजून पुरता लाभ घेतलेला नाही असे माझे मत आहे. ऑडिटच्या धास्तीने जुना कॉलमच चालू ठेवला जातो. गुणोत्तराचा हिशोब कागदावर मांडून, सिस्टीम सुटेबिलिटी दाखवून केलेला बदल ऑडिटरसमोर ठामपणे ठेवता येतो, आणि तो कसा मांडायचा याची सोडवलेली उदाहरणे पुढे आहेत.

पुस्तकाची भाषा मराठी आहे याचा मला विशेष आनंद वाटतो. एसओपी इंग्रजीत असतात आणि त्या तशा असाव्या लागतात. पण यंत्रासमोर उभे राहून 'प्रेशर का चढलंय गं?' हा प्रश्न मराठीत विचारला जातो आणि त्याचे उत्तरही मराठीतच शोधले जाते. लेखकाने कॉलम, पंप, वायल, टेलिंग हे शब्द जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत, कुणालाही न कळणारे प्रतिशब्द लादलेले नाहीत. कंपन्यांची नावे जिथे इतिहासासाठी लागली तिथेच आली आहेत. संगणकप्रणाली, ऑडिट ट्रेल आणि १९९७ चा अमेरिकन 'भाग ११' नियम यांचा विषय मुद्दाम बाहेर ठेवला आहे. त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल, आणि ते याच लेखकाने लिहावे असा माझा आग्रह आहे. मास स्पेक्ट्रोमीटरचाही उल्लेख कॉलमला लागून येतो तेवढाच. ज्यांच्याकडे ४०० बारचे एकच यंत्र आहे त्यांनी गाभा-कवच कणांचे आणि नळ्या-फिटिंगचे प्रकरण आधी वाचावे. नव्या खरेदीचा प्रस्ताव ज्यांच्या टेबलावर आहे त्यांनी परिशिष्टातली प्रश्नावली विक्रेत्यासमोर ठेवावी. तिच्यातला पहिला प्रश्न इंजेक्टरपासून डिटेक्टरच्या सेलपर्यंतच्या एकूण आकारमानाचा आहे, आणि त्याचे उत्तर मायक्रोलिटरात, लेखी मागून घ्यावे.